लीडचा ॲम्प

४ फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. आधी बूड टेकव, मग पुढे वाच. तुझी भाची लीड गिटार वाजवणार आहे.

आमच्या बँडमधला लीडवाला नोकरीसाठी दूर निघाला. नऊ वर्षं तो पुढे सूर उडवायचा आणि मी मागे कॉर्ड धरून उभी असायची, वर चढलेल्याची शिडी धरावी तशी. मंगळवारच्या तालमीत ड्रमवाल्याने विचारलं, आता कोण? बँड त्याचा, म्हणून शब्दही त्याचा. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासणाऱ्या बाईने चौतिसाव्या वर्षी हे एक अक्षर म्हणायला किती बळ लागतं, ते तुला म्हणून सांगते.

ड्रमवाला लगेच हो म्हणाला नाही. सत्तावीस एप्रिलला अग्निशामक दलाच्या मैदानावर आमचा कार्यक्रम आहे. तिथे जमलं तर लीड माझं, नाहीतर त्याच्या नजरेत दुसरा वाजवणारा तयार आहे.

आता अडचण ऐक. माझा छोटा ॲम्प घरी गोड वाजतो आणि तालमीत साफ गायब होतो. मी जीव तोडून वाजवते आणि गायिका विचारते, सुरू केलंस का? वाद्यांच्या दुकानात गेले तर विक्रेत्याने शंभर वॅटचा, चौदा बटणांचा दाखवला. तिथे वाजवला तेव्हा झकास वाटला, पण माझा छोटाही घरी झकासच वाटतो. लीडसाठी ॲम्प निवडायचा तो कशावरून?

फोन केला होता, पण तू दर वाक्याला 'काय?' म्हणालास आणि शेवटी माझी लाईन खराब आहे असं ठरवून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र.

मामीला नमस्कार.

तुझी टिचकी


११ फेब्रुवारी

चि. टिचकीस,

पोतंभर आशीर्वाद. हे व्हायचंच होतं. पाच वर्षांची असताना तू घरातल्या हरेक वस्तूला टिचकी मारून कान लावायचीस, म्हणून तर हे नाव पडलं. तेव्हाच मी ताईला म्हणालो होतो, पोरीचा कान माझ्यावर गेलाय. ताईला वाटलं मी बढाई मारतोय. मारतच होतो, पण खोटी नव्हती.

आता विक्रेत्याचं. दुकानात एकट्याने वाजवून ॲम्प निवडणं म्हणजे रिकाम्या घरात कपाट बघणं, सामान आत आलं की दार उघडत नाही. खाली ढमढम आणि वर चमचम असली की गिऱ्हाईक खूष होतं. पण बँडमध्ये ढमढम बेसगिटार खाते आणि चमचम ड्रमच्या झांजा खातात. लीडला उरते ती मधली जागा. तेव्हा लीडचा ॲम्प मधल्या सुरांत भरदार पाहिजे, ही पहिली गोष्ट. दुसरं म्हणजे, बोट तारेवर आहे तोवर सूर मरता कामा नये. त्यासाठी आवाज जरासा फाटावा लागतो, पण त्याची चिंधी होऊ नये, आणि ते काम जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हइतकं दुसऱ्या कशाला साधत नाही. आणि शंभर वॅट घेऊन काय मैदान नांगरायचंय? वीस वॅटचा व्हॉल्व्हवाला डबा पूर्ण दमाने गातो. शंभराचा तू एकवर ठेवशील आणि तो पेंगत बसेल. मैदानात डब्यापुढे माईक लावतातच.

आणि निवडायचा कशाला? मी काय मेलोय? एक्केचाळीस वर्षं या बाकावर बसून लोकांचे ॲम्प दुरुस्त केले, बांधले. मीटर आणि पडदेवाली यंत्रं लावून आवाज जुळवणारे ढिगाने आहेत. मी कानाने जुळवतो, म्हणून लोक अजून माझ्याकडे येतात. तुझा डबा मी बांधणार. त्या विक्रेत्याला सांग, चौदा बटणं शर्टाला लाव.

लाईन तुझीच खराब आहे. आमच्याकडेही काही धड नाही. दारावरची घंटा दोनदा बदलली तरी वाजत नाही. हल्ली मालच टाकाऊ येतो.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र तालमीत मोठ्याने वाचून दाखवलं. शर्टाच्या बटणांना गायिका हसली. ड्रमवाला हसला नाही. म्हणाला, घरी बांधलेला डबा? मी म्हटलं, घरी नाही, मामाकडे. तो म्हणाला, फरक काय? मी म्हटलं, सत्तावीस एप्रिलला कळेल. म्हणजे आता तुझीही परीक्षा आहे आणि माझीही, दोघं एकाच बाकावर.

मला कसा आवाज हवाय ते शब्दांत सांगते. भर गर्दीत कुणीतरी आपल्याला हाक मारावी, ती ओरडल्यासारखी वाटू नये, पण मागे वळून बघावंच लागेल, असा.

एवढं मिळालं की बाकीचं माझ्या बोटांवर सोड.

टिचकी


१६ मार्च

चि. टिचकीस,

डबा आज टेम्पोवाल्याकडे दिला. सतरा किलो आहे. एकटीने उचलू नकोस. वीस वॅट, बारा इंची स्पीकर, बटणं मोजून पाच. पुढचं कापड मामीच्या पडद्यातलं उरलेलं आहे, तेव्हा रंगाला नाव ठेवायचं असेल तर तिला ठेव.

लाकूड, तारा, सोल्डरचे डाग हे सगळं दहा दिवसांत आटोपलं. उरलेले दिवस आवाजात गेले. मधले सूर तर पहिल्याच दिवशी बसले, खोटं कशाला सांगू, मलाच माझा हेवा वाटला. पण वर धार येईना. तुझी ती गर्दीतली हाक मला ऐकूच येत नव्हती. मग एकेक करून वरचे सूर मोकळे करत गेलो. आज थोडे, उद्या थोडे, असे चार दिवस. शेवटी काल ती धार माझ्या कानाला लागली आणि मी हातातली इस्त्री खाली ठेवली, सोल्डरची. मामी चारही दिवस डोकं धरून मागच्या खोलीत दार लावून पडली होती. सध्या हवाच तशी आहे.

असा डबा मी आजवर बांधला नव्हता. सत्तरी ओलांडल्यावर माणूस हे लिहितो तेव्हा ते खरं असतं.

वाजवून लगेच कळव. लपवाछपवी नको, खरं काय ते लिही.

मामा


२४ मार्च

मामा,

डबा सुखरूप आला. अफलातून आहे. मधला आवाज तर तू म्हणालास अगदी तसा, भरदार, आणि सूर धरला की धरून राहतो. तालमीत सगळ्यांनी मान वळवून बघितलं.

दुकानात खूप काम आहे, म्हणून एवढंच. मामीचं डोकं कसं आहे?

टिचकी


३१ मार्च

चि. टिचकीस,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय, घडीवर फाटायला आलंय. न्हाव्याला वाचून दाखवलं, पोस्टातल्या बाईंना दाखवलं. मामी म्हणते, गल्लीतल्या कुत्र्यांना तेवढं वाचून दाखवायचं राहिलंय. सगळ्यांनी मान वळवून बघितलं, हे वाक्य मी दोनदा वाचतो.

त्यापुढचं ऐक. संगीतशाळेच्या मुख्य बाईंनाही दाखवलं. त्यांच्या शाळेत तीन ॲम्प आहेत, जुनेच पण निरोगी. त्या म्हणाल्या, भाचीचा जुळवला तसेच आमचेही जुळवून द्या, पोरं शिकतील. मी लगेच हो म्हटलं. मे महिन्यात तीनही बाकावर येणार. या वयात माणसाला बसवून ठेवतात, आणि माझ्याकडे काम चालत येतंय, तेही तुझ्या एका पत्रावर. माझी मान ताठ झाली आहे, मामीला शेक द्यावा लागतो.

मामा


४ एप्रिल

मामा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली.

मी खोटं लिहिलं. सगळ्यांनी मान वळवून बघितलं हे खरं, पण का ते लिहिलं नाही. पहिल्या सुराला गायिकेने कानांवर हात ठेवले. ड्रमवाला वाजवायचा थांबला आणि म्हणाला, कानात सुया जातायत.

मला आधी माझाच दोष वाटला. नऊ वर्षं कॉर्ड धरून बोटं बोथट झाली असतील म्हणून रोज दोन तास घासले. तारा बदलल्या. वरच्या सुरांचं बटण शून्यावर आणलं, तर धार गेली आणि सुया राहिल्या. मग तीच गिटार बेसवाल्याच्या जुन्या डब्याला लावली. तिथे सुया नव्हत्या. मामा, तुझ्या डब्यातला मधला आवाज मी आजवर ऐकलेला सगळ्यात सुंदर आवाज आहे, हे खोटं नाही. पण त्याच्या डोक्यावर त्या सुया आहेत आणि त्या तू बसवल्या आहेस.

ड्रमवाल्याने वीस तारखेपर्यंत मुदत दिली. डबा बदल, नाहीतर मी माणूस बदलतो, म्हणाला. सोपी वाट होती. दुकानातला डबा आणायचा, तोच वाजवायचा आणि तुला लिहायचं की तुझाच वाजतोय. दुकानाच्या दारापर्यंत गेले होते. पण त्या सकाळी तुझं संगीतशाळेचं पत्र आलं होतं. माझ्या एका खोट्यावर तू तीन निरोगी डबे बिघडवणार आणि लहान पोरं त्यांच्यासमोर बसणार. माझा पाय आत पडेना.

आमच्या दुकानात परवा एक निवृत्त ड्रायव्हर आले होते. म्हणाले, हल्ली पेपर फार पुसट छापतात. मी त्यांना म्हटलं, काका, छपाई ठीक आहे, तुमचा नंबर बदललाय. असं मी दिवसाला दहा जणांना न कचरता सांगते. आणि तुला लिहिते अफलातून.

मामा, माझी फोनची लाईन ठीक आहे. तुझ्या दारावरची घंटाही ठीक आहे. मागच्या खेपेला मीच ती दाबली होती, मला बाहेर ऐकू आली आणि मामीने येऊन दार उघडलं. मला वाटतं तुझ्या कानातले वरचे सूर गेलेत. तुला ऐकू येईपर्यंत तू ते वाढवत गेलास. मामीचं डोकं हवेने दुखत नव्हतं.

चुकत असेन तर माझा कान धर. पण मी माझं लीड सोडणार नाही आणि तुझा डबाही सोडणार नाही. काय करायचं ते तू सांग.

टिचकी


९ एप्रिल

स्पीकर वाटेत दुखावला असणार. टेम्पोवाले माल आपटतात.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मला वाटलं होतं घरात कधी लिहावं लागणार नाही. एक्केचाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने माझ्या कामावर बोट ठेवलं नाही. नऊ वर्षं शिडी धरणारीने मला कान शिकवू नयेत.

डबा परत पाठव. दुकानातला घे.

मामा


१५ एप्रिल

चि. टिचकीस,

आशीर्वाद. मागच्या पत्रात ते लिहायचे राहिले होते. राहिले नव्हते, मी लिहिले नव्हते.

काय झालं ते सरळ सांगतो. माळ्यावर एक यंत्र पडून होतं, मी कधी वापरलं नाही. त्यातून एकच सूर निघतो आणि चकती फिरवली की तो चढत जातो. तुझा खोटेपणा सिद्ध करावा म्हणून ते खाली काढलं, पुसलं आणि स्पीकरला जोडलं. चकती हजारावर, सूर खणखणीत. दोन हजारांवर छान. तीन हजारांवर जरा बारीक झाला. चार हजारांवर यंत्र बंद पडलं. मी मनात म्हटलं, बघ, माळ्यावर राहून सडलं. जोर वाढवला, आणखी वाढवला. तेवढ्यात मामी दोन्ही कानांवर हात दाबून धावत आली. तिचे ओठ हलताना दिसत होते. मी यंत्र बंद केलं तेव्हा आवाज आला, "बंद करा हो, बंद करा."

मी खुर्चीवर बसलो. तिला विचारलं, किती दिवस झाले?

"चार वर्षं तरी."

"बोलली का नाहीस?"

"बाकावर बसलात की तुम्ही किती खुशीत असता," ती म्हणाली. "मी दार लावून घ्यायची."

चार वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या डब्यांची यादी मी काढली. चौदा निघाले. काल पहिल्या तिघांकडे जाऊन आलो. म्हटलं, बिघडवून दिलाय, परत आणा. एकजण म्हणाला, आम्हाला माहीत होतं, आम्ही वरचं बटण खाली ठेवतो, तुम्हाला कसं सांगायचं? माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही, याचा मी एवढा डौल मिरवला, आणि ते लोक मला सांभाळून घेत होते. संगीतशाळेच्या बाईंनाही खरं सांगून आलो.

तुझ्यावर रागावलो ते चुकलं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. सोनार आमच्याच घरात वाढत होता, हे मला या वयात कळलं. तोंड लपवावं की छाती फुगवावी ते ठरेना, म्हणून दोन्ही करून पाहिलं. शेवटी छाती जिंकली.

डबा उघडू नकोस. बंद असला तरी त्याच्या पोटात वीज साठलेली असते, ती माणसाला मारू शकते. शनिवारच्या गाडीने मी येतो, माझी पेटी घेऊन. आवाजाच्या बटणाला मी एक चिमुकला कपॅसिटर लावलाय, वरचे सूर त्याच्यातून निसटतात. तो आणि त्याची भावंडं बदलायची. हात माझे, कान तुझा. ड्रमवाल्याला म्हणावं, वीस तारखेची संध्याकाळ झाल्याशिवाय दिवस संपत नाही.

मामा


२ मे

चि. टिचकीस,

आशीर्वाद. सुखरूप पोहोचलो. मामीने दार उघडल्या उघडल्या विचारलं, काय झालं? मी सांगत बसलो ते चहा दोनदा गार झाला. तुला ते सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या खोलीतला तो रविवार आधी. मी डाग द्यायचा, तू वाजवायचं आणि नाही म्हणून मान हलवायची. अकरा वेळा हलवलीस. सातव्या वेळी मी म्हणालो, पुरे. तू म्हणालीस, नाही मामा. पूर्वी मला कुणी असं म्हटलं असतं तर मी पेटी आवरून उठलो असतो. खरं सांगू का, चौथ्यानंतर मला एकाही बदलाचा फरक ऐकू आला नाही. मला न ऐकू येणाऱ्या आवाजासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा डाग देत होतो, केवळ तुझ्या शब्दावर. बाराव्या वेळी तू मान हलवली नाहीस. डोळे मिटून वाजवत राहिलीस. मी इस्त्री गार व्हायला ठेवली आणि तुझ्याकडे बघत बसलो. संध्याकाळी तालमीत ड्रमवाला काय म्हणेल याची मला धास्ती होती. तो काठ्या उचलून पुढचं गाणं मोजायला लागला. तुमच्यात यालाच होकार म्हणतात, असं तू मला नंतर सांगितलंस.

आता मैदान. मी मुद्दाम मागे, आगीच्या बंबाजवळ उभा होतो. माणसं आपापसात बोलत होती, एकजण पुढ्यात उभा राहून मोबाईलवर घरचं सामान सांगत होता. मग तुझी पाळी आली. तू एक सूर घेतलास आणि सोडलाच नाहीस. झांजा वर होत्या, बेस खाली होता आणि मधोमध तो सूर उभा होता. त्यात माझ्या वाटणीचा किती आणि माझ्या कानाबाहेरचा किती, देव जाणे. पण मोबाईलवाला बोलायचा थांबला आणि वळून बघायला लागला, एवढं मला दिसलं. मी रडलो. बंबाच्या आडोशाला होतो, कुणी पाहिलं नाही, म्हणून सांगतो.

माझ्या शेजारी एक उंच गृहस्थ हाताची घडी घालून ऐकत होता. ड्रमवाल्याच्या नजरेत असलेला दुसरा वाजवणारा तोच, हे मला नंतर कळलं. तुझं संपलं तेव्हा त्याने घडी सोडून टाळ्या वाजवल्या. मग पुढे वाकून, स्टेजवरच्या त्या पडद्याच्या कापडाकडे बोट दाखवत त्याने मला विचारलं, "तो ॲम्प कुणाचा आहे, माहीत आहे का हो?"

टिचके, एक्केचाळीस वर्षं मी प्रत्येक कार्यक्रमात कोपऱ्यात उभा राहिलो ते हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून. उत्तर पाठ होतं. छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

मी म्हणालो, "ती वाजवतेय ना, ती माझी भाची."

तुझा मामा